ठाण्यात ७० माणसांचं लग्न, पावणेतीन लाखांत. कात्री नेमकी कुठे लावू?

जुई_ठाणे

नमस्कार मंडळी. डिसेंबरात लग्न करतोय. खर्च आम्ही दोघं करणार, घरच्यांकडून घ्यायचं नाही हे पक्कं. माझे बाबा नुकतेच रिटायर झालेत आणि होणाऱ्या नवऱ्याच्या धाकट्या बहिणीचं शिक्षण अजून चालू आहे. दोघांची मिळून शिल्लक पावणेतीन लाख. कर्ज काढायचं नाही. माणसं ७०. त्यातली ३० त्याच्याकडची, सांगलीहून येणार. बाकीची ठाणे, डोंबिवली, मुंबईतली.

हौस म्हणाल तर एवढीच: मंगलाष्टकं, अंतरपाट, सप्तपदी आणि पंगतीत बसून निवांत जेवण. डीजे नको, संगीत नको, मेंदीचा वेगळा कार्यक्रम नको, आणि ती धुरातून होणारी एंट्री तर मुळीच नको. मैत्रिणीच्या लग्नात त्या धुराने गुरुजींना असा ठसका लागला की मंगलाष्टकं दुसऱ्या कडव्यावर अडकली.

नौपाड्यातल्या एका हॉलचं कोटेशन आणलं. रविवार सकाळ, भाडं ६५,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ११,७००. जेवण त्यांचंच घ्यायचं, पान ५५० रुपये, कमीत कमी १५० पानं, म्हणजे ८२,५००. डेकोरेशनही त्यांच्याच माणसाकडून, ४५,००० पासून पुढे. फोटो-व्हिडिओवाल्याने ७०,००० सांगितले. बेरीज केली तर २,७४,२००. उरलेल्या ८०० रुपयांत मंगळसूत्र, साड्या, गुरुजी आणि सांगलीच्या ३० माणसांची सोय!

शिवाय आईची वही आहे. त्यात १४० नावं आहेत. बाबांच्या ऑफिसातले, सोसायटीतले, आणि एका ओळीत नुसतंच "पेणच्या मावशींकडचे सगळे".

आणखी एक. त्याच्या आजीचे गुडघे गेलेत, जिना चढता येत नाही. आणि तिने नातवाचं लग्न बघितलंच पाहिजे, यावर तडजोड नाही.

ज्यांनी अलीकडे असं छोटं लग्न केलंय त्यांनी सांगा, पैसे कुठे वाचतात आणि कुठे वाचवू नयेत?

पंकज_के

रजिस्टर करा, संध्याकाळी सगळ्यांना चांगल्या हॉटेलात जेवू घाला. ५०-६० हजारांत आटपेल. उरलेल्या पैशांत फिरून या. सप्तपदी कोणी व्हिडिओत पण बघत नाही.

जुई_ठाणे

@पंकज_के, व्हिडिओच नको म्हणतेय मी. सप्तपदी हवी आहे, बघायला नाही, चालायला.

जुने_कार्यालयवाले

मी एका मंगल कार्यालयाचं बुकिंग बरीच वर्षं सांभाळलं. आता घरी बसलोय, त्यामुळे टेबलापलीकडच्या गोष्टी सांगायला हरकत नाही.

तुमच्या कोटेशनमधला महागडा आकडा ६५,००० नाही, १५० आहे. जेवणार ७० आणि पैसे १५० पानांचे. ८२,५०० ला ७० ने भागा: एक पान जवळपास १,१८० रुपयांना पडलं. लोक येतात आणि पानाच्या दरावर घासाघीस करतात. मॅनेजर ५५० चे ५२० करतो, चहा मागवतो, मंडळी खूश. वाचले किती? साडेचार हजार. हमीची पानं १५० वरून ८० वर आणलीत तर ३८,५०० वाचतात, आणि दरात एक रुपयाही कमी करायला सांगावं लागत नाही.

रविवारी हे कोणी मान्य करणार नाही आणि त्यात त्याचं चुकतही नाही. रविवारच्या सकाळी त्याला ४०० माणसांचं लग्न मिळू शकतं. तुम्हाला हॉल दिला की ते गेलं. सोमवारी किंवा बुधवारी मात्र हॉल रिकामा असतो, आणि वॉचमन, सफाईवाल्या बाया, वीज हे काही रिकामं राहत नाही. तेव्हा आडवार घ्या आणि सकाळचं सत्र घ्या. आडवारी संध्याकाळी रिसेप्शनं असतात, सकाळी कुणी फिरकत नाही. ७० माणसं अशी आहेत ना की बोलावल्यावर रजा काढून येतील? जे रजा काढणार नाहीत त्यांची नावं वहीतून आपोआप कमी होतात, हा आडवाराचा आणखी एक फायदा. तुमच्या मातोश्रींना हे वाक्य दाखवू नका.

पण आडवारातला गुरुवार टाळा. डिसेंबर म्हणजे बहुतेक मार्गशीर्ष. मार्गशीर्षातल्या गुरुवारी महालक्ष्मीचं व्रत असतं, निम्म्या बायका दुपारी जेवत नाहीत. आमच्याकडे एकदा गुरुवारचं लग्न होतं. जिलेबीची परातच्या परात उरली आणि यजमानीणबाई साबुदाण्याच्या खिचडीची चौकशी करत स्वयंपाकघरात आल्या. फुलंही त्या आठवड्यात बुधवारपासून चढतात.

आता हॉल. बऱ्याच कार्यालयांत मोठ्या हॉलच्या वर किंवा मागे एक धाकटा हॉल असतो. बारसं, डोहाळजेवण, साठीशांत यांना देतात. लग्नाची चौकशी करणाऱ्याला तो आपणहून दाखवत नाहीत. "तुमचा छोटा हॉल बघायचाय" असं सरळ म्हणा. लग्नासाठीच हवाय हे मात्र लपवू नका. आम्ही वधूवरांच्या वयाचे दाखले घेतल्याशिवाय बुकिंग करत नसू, बालविवाह झाला तर हॉलवाल्याच्याही गळ्याशी येतं. बघायला जाल तेव्हा लिफ्ट त्या मजल्यापर्यंत जाते का ते स्वतः चढून बघा. आणि जेवणाचा हॉल त्याच मजल्यावर आहे का? नाहीतर आजी मंगलाष्टकांना वर आणि पंगतीला खाली.

दुसरा प्रश्न, जो कोणीच विचारत नाही: "इथे होम करता येतो का?" एसी हॉल आणि हॉटेलांचे बँक्वेट यांत धुराचे अलार्म असतात. काही ठिकाणी होमाला बंदी असते, काही ठिकाणी त्या वेळेपुरतं खाली पाठवतात. लाजाहोम पार्किंगमध्ये झालेला मी पाहिलाय. वधू लाह्या टाकतेय आणि मागे एक गृहस्थ "जरा सरकता का, स्कूटर काढायचीय".

मग पावती फाडण्याआधी लिहून घ्यायच्या गोष्टी: हॉल कितीला उघडणार आणि कितीला सोडायचा, एसीची वीज भाड्यात की मीटरप्रमाणे, जनरेटरचे वेगळे का, साफसफाईचे किती, उरलेलं अन्न नेता येईल का, डेकोरेटर बाहेरचा चालेल का आणि त्याची "एंट्री फी" आहे का, डिपॉझिट कधी परत. तोंडी "होऊन जाईल हो" म्हणणारा मॅनेजर मीच होतो. लग्नाच्या दिवशी ड्यूटीवर दुसराच असतो.

जेवणाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण त्यात माझा जीव आहे. पंगतीची हौस तुम्हाला परवडते, कारण तुम्ही ७० आहात. ३५-३५ च्या दोन पंगती, पाच वाढपी पुरे. चारशे माणसांना पंगत म्हणजे वाढप्यांची फौज लागते, म्हणून लोक बुफे करतात. बुफेत माणूस ताटात घेऊन ठेवतो आणि टाकतो, पंगतीत मागतो तेवढंच पडतं. केटररला हे पक्कं ठाऊक असतं, तेव्हा पंगतीला तो जास्त मागायला लागला तर वाढप्यांचे पैसे वेगळे काढून दाखवायला सांगा.

पदार्थ कमी ठेवा आणि गरम ठेवा. वरणभात-तूप-लिंबू, मसालेभात, अळूची पातळ भाजी, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, पंचामृत, कोथिंबीर वडी, पुरी, जिलेबी, मठ्ठा. एवढ्यावर कोकणातला, देशावरचा, कोणीही नाव ठेवणार नाही. गोड एकच. जिलेबी आणि श्रीखंड आणि गुलाबजाम ठेवलेत तर तिन्ही अर्धं अर्धं उरतं. ७० माणसांना दोन्ही भात मिळून ७ किलो तांदूळ आणि जिलेबी ८ किलो, हा साधारण हिशोब. यापेक्षा फार जास्त सांगितलं तर कारण विचारा.

आणि मठ्ठा चाखून बघा. चव घ्यायला बोलावतात तेव्हा सगळे पनीरवर तुटून पडतात. मठ्ठा पांचट निघाला तर समजा की ताक विकतचं आहे आणि आलं-मिरची-कोथिंबीर आयत्या वेळी पडणार. जो मठ्ठा नीट करतो तो मसालेभाताला गोडा मसालाही घरचा वापरतो, असा माझा अनुभव.

सही_आणि_शिक्का

जुई, कायद्याची बाजू कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी नोंदणी पद्धतीने लग्न केलंय आणि माझ्या भावाने विधी करून, त्यामुळे दोन्ही फायली हाताळल्यात.

तुम्हाला सप्तपदी करायची आहे, म्हणजे तुमचं लग्न हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली होईल आणि त्याची नंतर फक्त नोंद करायची. ठाण्यात ती महापालिकेच्या प्रभाग समिती कार्यालयात होते. नमुना 'ड' भरायचा, त्यावर १०० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीन साक्षीदार, आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची सही. ही शेवटची सही लोक विसरतात आणि मग गुरुजी पुढच्या मुहूर्तांवर गावोगाव फिरत असतात. फॉर्म छापून लग्नाच्या दिवशी बरोबर ठेवा. दक्षिणा देतानाच सही घ्या आणि त्यांच्या आधारची प्रतही. लग्नपत्रिका जोडावी लागते. छापणारच नसाल तर प्रतिज्ञापत्र करावं लागतं, त्यापेक्षा साध्या २५ पत्रिका छापून घ्या, देवापुढे ठेवायलाही होतात. नोंद ९० दिवसांत करा, त्यानंतर विलंबाचे जास्त पैसे पडतात.

पंकजरावांनी सांगितलेला रस्ता वेगळा, विशेष विवाह कायदा, १९५४. त्यात आधी विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, दोघांपैकी एकजण त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहत असला पाहिजे. मग ३० दिवस थांबायचं, कुणाची हरकत आली नाही तर तीन साक्षीदारांसमोर शपथ घेऊन सही. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस पुन्हा पहिल्यापासून. राज्य सरकारची कार्यालयं २०२० पासून पाच दिवसांच्या आठवड्यावर आहेत, त्यामुळे शनिवार-रविवार नाही. मला हा सोहळा आवडला होता. साहेबांनी वाक्य वाचलं, आम्ही म्हटलं, बाहेर तिसरं जोडपं पेढ्यांचा पुडा घेऊन उभं. पण अंतरपाट नाही हे खरं.

एक गोष्ट मात्र करू नका. काही एजंट सांगतात की विधी-बिधी काही नको, आम्ही थेट "हिंदू विवाहाचं सर्टिफिकेट" काढून देतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलंय की हिंदू विवाह कायद्याखालचं लग्न रीतीप्रमाणे विधी झाल्याशिवाय लग्नच ठरत नाही, नुसत्या प्रमाणपत्राने भागत नाही. विधी करायचा नसेल तर सरळ १९५४ चा कायदा.

विहीणबाई

अगं जुई, हॉल आणि कायदा झाला, आता तुझ्या आईच्या वहीचं बोलू. मी दोन मुलींची लग्नं केली, दोन्ही लहान, आणि दोन्ही वेळेला रुसवे काढले. आईला "१४० मधली ७० काप" असं सांगू नकोस. ती कापणार नाही आणि वर रात्रभर रडेल. तिच्याकडून नाती मागून घे. सख्खे, मग मामा-मावशी-आत्या-काका, मग चुलत-मावस भावंडं, आणि तिथे रेघ. रेघ माणसावर नाही, पायरीवर मारायची. चुलत चुलतांपैकी एकाला बोलावलंस की सगळ्यांना बोलवावं लागतं, कुणालाच नाही बोलावलं तर कुणी विचारत नाही. पेणच्या मावशींचं पण तसंच. मावशी स्वतः येतील, "कडचे सगळे" पुढच्या आठवड्यात.

पुढच्या आठवड्यात म्हणजे सत्यनारायण. हीच खरी युक्ती. लग्नानंतर घरी पूजा घाला, संध्याकाळी ५ ते ९ तीर्थप्रसादाला या असा फोनवर निरोप द्या. सोसायटी, बाबांचं ऑफिस, शिवणाच्या क्लासच्या बायका, सगळे येतात, नवऱ्यामुलाला बघतात, शिरा खातात, दहा-पंधरा मिनिटांत उठतात. खर्च काय? रवा, तूप, साखर, केळी, दूध, आणि पेल्यातली कॉफी. बोलावलं नाही असं कोणी म्हणत नाही आणि पानाचा हिशोब नाही. घर लहान असेल तर सोसायटीचा हॉल चार तासांपुरता मागा.

केळवणं तर घ्याच. ज्यांना लग्नाला बोलावता येत नाही ते केळवणाला बोलावतात आणि त्यांचं मन राहतं. फक्त लग्नाच्या आठवड्यात घेऊ नकोस, पोट बिघडतं. सांगतेय ते अनुभवाने.

मानपानाचं आधीच सासूबाईंशी स्पष्ट बोल. तू नाही, तुझ्या आईने. "आहेर घ्यायचे नाहीत आणि द्यायचेही नाहीत" हे दोन्ही घरांनी एकत्र ठरवलं तरच निभतं. एका बाजूने ठरवलं की दुसरी बाजू २० साड्या घेऊन उभी राहते आणि तुझी आई त्या रात्री दुकान शोधत फिरते. विहिणीला एक साडी, वरमाईला मान म्हणून, आणि आजीला एक चांगली मऊ साडी. बाकी सगळ्यांना नारळ.

मंगळसूत्राच्या वाट्या नव्या घ्या, बाकी पोत काळ्या मण्यांची साधी असली तरी चालते, पुढे वाढवता येते. दागिन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) बघूनच घे, १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय विकता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूला मात्र ती सक्ती नाही, तेव्हा अगदी बारीक वाट्या घेतल्यास तर ओळखीच्या सोनाराकडून पक्की पावती घे. पावतीवर सोनं किती, मजुरी किती, आणि ३ टक्के जीएसटी हे वेगवेगळं लिहिलेलं पाहिजे.

आणि गुरुजींचं. माझ्या धाकटीचं लग्न ज्ञान प्रबोधिनीच्या पद्धतीने, स्त्री-पुरोहितांनी लावलं. प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत सांगत होत्या. सप्तपदीच्या वेळी माझ्या नवऱ्याने पहिल्यांदाच ऐकलं की आपण तीस वर्षांपूर्वी काय कबूल केलंय. आई तयार असेल तर विचार कर. नसेल तर नेहमीच्या गुरुजींना "साहित्यासह किती" एवढं विचारून ठेव, नाहीतर आदल्या दिवशी सुपाऱ्या, खारका, हळकुंडं, बदाम यांची दोन पानी यादी व्हॉट्सअ‍ॅपवर येते.

पंकज_के

काकू, तुमच्याकडे क्लास लावायला पाहिजे. पण एवढी काटकसर करायची तर लग्न करायचंच कशाला असं वाटतं कधी कधी. एकदाच तर होतं.

विहीणबाई

एकदाच होतं म्हणूनच, बाळा. कर्ज मात्र दर महिन्याला होतं.

दादरची_लोकल

फुलांबद्दल. ४५,००० च्या डेकोरेशनमध्ये अर्ध्याहून जास्त थर्माकोल, कापड आणि प्लॅस्टिकची फुलं असतात. डेकोरेटरला फक्त पाठीमागचा पडदा, दोन समया, चौरंग आणि पाट सांगा. फुलं स्वतः आणा. दादर स्टेशनजवळच्या फुलबाजारात पहाटे गेलात की झेंडू, शेवंती, आंब्याची डहाळी सगळं किलोवर आणि जुडीवर मिळतं. ठाण्यातून पहिल्या लोकलमध्ये गर्दी नसते, दोन पोती घेऊन परत येता येतं. जांभळी नाक्यावरही मिळतात. जवळ पडतं, दादरपेक्षा भाव थोडा चढा. माळा ओवायला मैत्रिणी आदल्या रात्री बसवा. झेंडू देठापाशी ओला असेल तर रात्रीत काळा पडतो, म्हणून पसरून ठेवा, पिशवीत बांधून नाही.

लग्नाचे दोन हार मात्र हारवाल्याकडेच सांगा आणि वजनाला हलके सांगा. रजनीगंधा-गुलाबाचा जाडजूड हार फोटोत छान दिसतो, पण गळ्यात घालून तासभर उभं राहायचं असतं. मुंडावळ्या मोत्यांच्या घ्या, फुलांच्या असल्या तर होमाच्या धगीने कोमेजतात.

फोटोला एकच माणूस, अर्ध्या दिवसाचा, आणि अल्बम नको, फक्त फाइली. त्याच्या हातात दहा फोटोंची यादी द्या: आजीबरोबर, दोन्ही आईवडील, सगळी भावंडं. नाहीतर समयीचे चाळीस आणि आजीचा एकही नाही असं होतं.

जुई_ठाणे

मंडळी, तुमचं सगळं वाचून आईला, त्याला आणि त्याच्या आईला एकत्र कॉलवर घेतलं. आईला आडवाराचं ते वाक्य दाखवलं नाही, पण ती स्वतःच म्हणाली की बाबांच्या ऑफिसातले बुधवारी कसले येतायत. वहीतून २२ नावं तिथेच गेली. बाकीची सत्यनारायणाला सरकली. पेणच्या मावशी एकट्या येणार, "कडचे सगळे" पूजेला.

त्याच कार्यालयाचा छोटा हॉल खरंच निघाला, पहिल्या मजल्यावर, लिफ्टसकट, आणि जेवण शेजारच्याच खोलीत. होम चालतो, खिडक्या उघडतात. बुधवार सकाळ, भाडं २८,००० आणि जीएसटी, म्हणजे ३३,०४०. हमीची पानं ८०, दर तोच ५५०, म्हणजे ४४,०००. लवकर येणाऱ्या ४० जणांना उपमा-चहा, ३,६००. पडदा आणि फुलं १२,०००. फोटो २२,०००. गुरुजी साहित्यासह ११,०००. मंगळसूत्राला ७०,०००, दोघांच्या कपड्यांना ४५,०००. इथवर २,४०,६४०. डेकोरेटर बाहेरचा चालेल म्हणाले, एंट्री फी नाही, आणि ते मी लिहून घेतलं.

मठ्ठा चाखला. पहिल्या केटररचा पांचट निघाला. त्यांच्याकडे दुसरा पर्याय होता, त्या बाईंचा मठ्ठा पिऊन बाबांनी तिसरा पेला मागितला. त्यांनाच सांगितलं.

आता अडलंय सांगलीपाशी. ३० माणसांना आदल्या रात्री खोल्या घ्यायच्या म्हटल्या तर हॉटेलवाला ३६,००० सांगतोय. उरलेत ३४,३६० आणि मला वरखर्चाला काहीतरी हातात हवंय.

जुने_कार्यालयवाले

सगळ्यांना आदल्या दिवशी बोलवूच नका. महालक्ष्मी एक्स्प्रेसला रात्री सांगलीला बसले की पहाटे कल्याण. तिथून ठाण्याला लोकलने या, गर्दी सुरू व्हायच्या आत पोचाल. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि एका फॉर्मवर सहा जणांचीच नावं बसतात, तेव्हा पाच फॉर्म भरायचे आणि पाच वेगवेगळ्या माणसांनी त्या दिवशी सकाळी बसायचं. वधूवरांच्या दोन खोल्या तुमच्या भाड्यातच असतात, तिथे आंघोळी उरकतील. फक्त हॉल सकाळी ७ ऐवजी ६ ला उघडून द्यायला सांगा, आडवारी देतात. गरम पाण्याचा गीझर चालू आहे का ते मात्र जाऊन नळ सोडून बघा.

आदल्या दिवशी येतील ते फक्त आजी, तुमचे सासू-सासरे आणि दोन-तीन म्हातारी माणसं. त्यांना दोन खोल्या पुरतात, आजींना तळमजला किंवा लिफ्ट.

जुई_ठाणे

आजी आणि सासू-सासरे गाडीने येणार आहेत, भाऊजी चालवणार. दोन खोल्या ६,००० ला मिळतायत. बाकीच्यांना ट्रेनचं सांगितलं, त्याचे काका म्हणाले की पूर्वी लग्नाला आम्ही अशीच रात्रीची गाडी पकडायचो आणि डब्यात पत्ते कुटायचो. आरक्षणाला पाच जणांची नावं काढली आहेत, एक मीच आहे.

जुने_कार्यालयवाले

उत्तम. तेवढं त्या गाडीचं पार्किंगही हॉलवाल्याकडून पावतीवर लिहून घ्या. आजींना दारात उतरवून भाऊजी जागा शोधत नौपाडाभर फिरले, तर मंगलाष्टकं त्यांच्याशिवाय व्हायची.